वाचकांचे प्रश्न : बंद झालेला जीन परत उघडता येतो का?

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. सेकंड इयरला आहे. सरांनी शिकवलं की शरीरातल्या सगळ्या पेशींमध्ये डीएनए सारखाच असतो. मग डोळ्याची पेशी डोळ्याचीच आणि लिव्हरची लिव्हरचीच काहून राहते? अन् स्टेम सेलला कोण सांगतं की बाबा तू आता हाड हो, तू रक्त हो? पुस्तकात 'एपिजेनेटिक रेग्युलेशन' एवढं लिहून पुढच्या धड्यावर उडी मारलीय.
— एक विद्यार्थी, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : बेटा, तुझ्या प्रश्नाचा सगळा जीव त्या एका शब्दातच आहे, त्यामुळे जरा निवांत बसून वाच.

तू वरुडचा, म्हणजे संत्र्याचा आंबिया बहार तुला शिकवायची गरज नाही. डिसेंबरात बगीच्याचं पाणी तोडतात, झाडं ताणावर सोडतात, पानं मलूल होतात, पाहणाऱ्याला वाटतं आता झाड मरते का काय, आणि मग जानेवारीत पाणी दिलं की काही दिवसांत फांदी न् फांदी पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ताण नीट बसला नसेल तर फांदीवरच्या त्याच डोळ्यातून, म्हणजे कोंबातून, नुसती पालवी फुटते. डोळा तोच, झाड तेच, डीएनए तर अक्षर न् अक्षर तोच. बदललं काय, तर त्या डोळ्यातल्या पेशींनी कोणते जीन उघडले आणि कोणते मिटून ठेवले ते. माणसाच्या पेशीतही असंच चालतं, फक्त तिथं प्रोटीन बनवणारे जीनच २० हजारांच्या आसपास आहेत आणि प्रत्येक पेशी त्यातले आपल्या कामाचे तेवढे उघडे ठेवते.

आता उघडणं-मिटणं म्हणजे नेमकं काय ते बघ. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर साधारण २ मीटर भरतो, आणि तो बसवायचा असतो डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात, म्हणून तो गुंडाळलेला असतो. सेवाग्रामला चरख्यावर सूत कातताना पाहिलं असशील, चातीवर सूत कसं गुंडाळत जातं, तसं ८ हिस्टोन प्रोटीनचं एक रीळ, त्याच्यावर डीएनएची १४७ अक्षरं, मग पुढचं रीळ, असे कोट्यवधी रीळ ओळीनं. जिथं सूत सैल तिथला जीन वाचता येतो, जिथं गच्च तिथला नाही. हिस्टोनच्या शेपट्या बाहेर लोंबत असतात, त्यांच्यावर अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक तुकडा चिकटला की पकड ढिली पडते आणि तो काढून घेतला की परत आवळते. आणि खुद्द डीएनएच्या सी या अक्षरावर मिथाइलचा तुकडा बसला की बहुतेक वेळा तिथला जीन गप्प होतो, कुलूपच लागलं म्हण ना. यात डीएनएचं एकही अक्षर बदललेलं नसतं हे लक्षात ठेव, हेच ते एपिजेनेटिक रेग्युलेशन. आणि पेशीच्या दोन पेशी होताना या खुणाही पुढं उतरवल्या जातात, म्हणून लिव्हरच्या पेशीची लेक लिव्हरचीच निघते, तिला दरवेळी कोणी नव्यानं सांगावं लागत नाही.

स्टेम सेलची, म्हणजे आपल्या मराठीत मूळपेशीची, गोष्ट जरा वेगळी. भ्रूणातल्या मूळपेशीत पुढं लागणारे कितीतरी जीन असे सापडले की त्यांच्यावर 'उघड' आणि 'बंद ठेव' अशा दोन्ही खुणा एकाच जागी लावलेल्या आहेत. हे २००६ साली कळलं. म्हणजे गाडीचं इंजिन सुरू आहे आणि ब्रेकवरही पाय आहे. आजूबाजूच्या पेशींकडून निरोप आला की एक खूण जाते, एक राहते, आणि पेशीची वाट ठरते.

ही वाट ठरणं समजून घ्यायला तुला मुलताईला नेते, तुमच्या वरुडपासून काही फार लांब नाही. त्या भागात तापी उगम पावते आणि वर्धाही तिकडलीच. एकाच पठारावर पाऊस पडतो, पण एक थेंब तापीत गेला की तो सुरतेकडून अरबी समुद्रात जाणार, आणि हातभर अलीकडं पडून वर्धेत गेला की प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. वर असताना थेंबाला दोन्ही वाटा मोकळ्या असतात, एकदा खाली उतरायला लागला की परत चढता येत नाही. कॉनरॅड वॉडिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये असंच चित्र काढून दाखवलं होतं, उतारावरून घरंगळणारा गोळा आणि खाली फाटे फुटत जाणाऱ्या दऱ्या. एपिजेनेटिक्स हा शब्दही त्याचाच, १९४२ चा.

बरीच वर्षं असंच धरून चालले होते की खाली आलेला थेंब वर जात नाही. १९६२ मध्ये जॉन गर्डन या इंग्रज शास्त्रज्ञानं बेडकाच्या पिल्लाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक काढून अंड्यात घातलं आणि त्यातून नवा जीव वाढला, तेव्हा कळलं की डीएनएच्या पुस्तकातली पानं फाडलेली नसतात, फक्त मिटलेली असतात. मग २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या साध्या पेशीत फक्त ४ जीन घातले आणि ती पेशी उलटी चढून पार मुलताईला पोचली, म्हणजे परत मूळपेशी झाली. २००७ मध्ये माणसाच्या पेशीचं तेच केलं आणि २०१२ मध्ये गर्डन आणि यामानाका दोघांना मिळून नोबेल मिळालं.

पण चढण सोपी नाही रे. सुरुवातीला शंभरातली एकसुद्धा पेशी धड वर पोचत नव्हती, कारण जुन्या खुणा पुसल्या जात नाहीत. २००८ मध्ये असं दिसलं की व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड दिलं तर उंदराच्या पेशींमध्ये हे काम शंभरपटीनं वाढतं, आणि हे औषध म्हणजे आपल्या दवाखान्यात फिटसाठी देतात तेच, ते अ‍ॅसिटिल काढून घेणाऱ्या एन्झाइमला अडवतं म्हणून सूत सैल राहतं. २०१० मध्ये आणखी एक गोष्ट सापडली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : रक्ताच्या पेशीपासून बनवलेली मूळपेशी परत रक्ताकडंच सहज वळते, दुसरीकडं न्यायला त्रास देते. नव्या मूळपेशीला आपलं जुनं गाव आठवतं, आणि ही आठवण मिथाइलच्या खुणांमध्ये असते. पेशी बदलून अवयव दुरुस्त करायच्या या सगळ्या शास्त्राची, रिजनरेटिव्ह मेडिसिनची, खरी मेहनत इथंच चालते. पेशी मिळवणं तेवढं अवघड राहिलं नाही, तिच्यावरच्या खुणा बरोबर क्रमानं काढणं आणि लावणं, आणि ती योग्य जागी थांबेल अशी करणं, हे अवघड आहे. एखादी जरी पेशी अर्धवट राहिली तर ती वाढत जाऊन गाठ बनवू शकते. म्हणून २०१४ मध्ये जपानात कोबेला अशा पेशींपासून केलेला डोळ्याच्या पडद्याचा एक छोटा थर एका वयस्क बाईला बसवला, त्याच्या आधी त्या पेशी किती किती तपासल्या, आणि पुढच्या पेशंटच्या पेशीत बदल दिसले तर काम तिथंच थांबवलं. याला म्हणतात जबाबदारी.

प्रश्न : बाई, माझी मुलगी ५ वर्षांची आहे, सिकलसेल एसएस, म्हणजे वाहक नाही तर आजारच असलेली, निघाली. सात महिन्यांची होईपर्यंत एकदम चांगली होती, हसत खेळत होती, मग एक दिवस दोन्ही हातापायाचे पंजे सुजले अन् तेव्हापासून सुरूच आहे. सासू म्हणते पोरीला नजर लागली. आमच्याकडं आलेल्या एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं की सिकलसेलचा आता कायमचा इलाज निघाला, बंद पडलेला जीन उघडतात म्हणून. हे खरं आहे का? अन् ती आधी सात महिने चांगली का होती?
— एक आई, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी जे विचारलं ना, आधी चांगली का होती, त्याच प्रश्नातून तो इलाज निघालाय. म्हणून आधी तेच सांगते. आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण यात नजरेचा काही संबंध नाही आणि तुमच्या हातून काही चुकलंही नाही.

नोकरीत असताना मी कॉलेजच्या पोरींना घेऊन सिकलसेलच्या तपासणी शिबिरात जायची. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ट्यूबमधल्या औषधात टाकायचं, आणि ट्यूबच्या मागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्त पुढच्या मशीनच्या तपासणीला पाठवायचं. तिथं एक नियम होता, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ही टेस्ट करायची नाही. एका पोरीनं विचारलं का नाही, बाळाला आजार नसतो का? असतो, जन्मापासूनच असतो, पण ट्यूब गढूळ होत नाही, कारण बाळाच्या रक्तात अजून पोटातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं.

पोटात असताना बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, त्यासाठी त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ११ नंबरच्या क्रोमोसोमवर हे जीन एका ओळीत मांडलेले आहेत, पहिले अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतले, मग पोटातले, मग मोठेपणीचे, ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं. जन्मानंतर हाडातल्या मगजातून नवीन लाल पेशी तयार होताना पोटातला जीन हळूहळू मिटत जातो आणि मोठेपणीचा उघडत जातो. तुमच्या मुलीच्या त्या मोठेपणीच्या जीनमध्ये एक अक्षर चुकलेलं आहे, एकच, पण त्यानं पेशी विळ्यासारखी वाकडी होते, रक्तवाहिनीत अडकते आणि अंग दुखतं. पोटातला जीन मात्र चांगला होता आणि आजही चांगलाच आहे. सात महिने त्यानंच तिला सांभाळलं. तो मिटला आणि पंजे सुजले. न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन नावाच्या लहान मुलांच्या डॉक्टरांना १९४८ मध्येच हे दिसलं होतं, की सिकलसेलच्या नवजात बाळांच्या पेशी तेवढ्या वाकत नाहीत, आणि त्यांनी बोट याच हिमोग्लोबिनकडं दाखवलं होतं.

मग तो मिटवतो कोण? त्याचं उत्तर यायला ६० वर्षं लागली. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमनं दाखवलं की बीसीएल११ए नावाचं प्रोटीन हे काम करतं. वरती वरुडच्या मुलाला मी ज्या खुणा सांगितल्या, अ‍ॅसिटिल काढायची आणि मिथाइल लावायची, त्या खुणा करणारी एन्झाइमंच हे प्रोटीन सोबत घेऊन येतं आणि तो जीन आवळून टाकतं. आता इलाज असा की पेशंटच्याच रक्तातल्या स्टेम सेल बाहेर काढायच्या, क्रिस्पर नावाच्या कात्रीनं लाल पेशीपुरतं त्या प्रोटीनचं बटण कापायचं, आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. चुकलेलं अक्षर तसंच राहतं, त्याला हातही लावत नाहीत, फक्त पोटातला चांगला जीन परत उघडा होतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे नावाच्या बाईंना हे सिकलसेलसाठी पहिल्यांदा दिलं. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं १२ वर्षांवरच्या पेशंटसाठी मान्यता दिली. ज्यांना पुरेसे दिवस पाहता आलं अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग वर्षभर मोठा क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका, आला नाही. ही बातमी मी वाचली त्या दिवशी मला शिबिरातल्या त्या ट्यूबा आठवल्या, आणि आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाची लेकरं आठवली.

म्हणून डॉक्टरीणबाई बोलल्या ते खरं आहे. पण किंमत ऐकून घ्या, अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे कोट्यवधी रुपये, शिवाय पेशी परत सोडण्याआधी जोरदार केमो द्यावी लागते. आपल्याकडं दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत स्वस्तातल्या जीन एडिटिंगचं काम चालू आहे, पण तुमच्या मुलीला आज लागणारी गोष्ट ती नव्हे.

आज काय आहे ते सांगते. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे, ती पोटातलं हिमोग्लोबिन थोडं वाढवते आणि क्रायसिस कमी करते. रोज घ्यावी लागते आणि मधून मधून रक्त तपासून डॉक्टर डोस ठरवतात, मनानं सुरू किंवा बंद करायची नाही. सरकारी दवाखान्यात नाव लिहून विचारा, १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल मिशन आहे, त्यात तुमच्या मुलीची नोंद आहे का ते पाहा. दुसरं, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातला मगज देणं. हा स्टेम सेलचा जुना, पक्का आणि मान्य इलाज आहे, सख्ख्या भावंडाचं जुळलं तर लहान मुलांमध्ये दहापैकी नऊच्या आसपास बरे होतात. प्रत्येक भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक. आणि हे नीट वाचा : भाऊ एएस, म्हणजे नुसता वाहक असला तरी तो देऊ शकतो. मी अशी घरं पाहिलीत जिथं भाऊ वाहक निघाला म्हणून त्याचं जुळतं का हे कोणी तपासलंच नाही. यातही धोके आहेत, तेव्हा मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या रक्ताच्या डॉक्टरांशी बसून बोला. आणि तोवर भरपूर पाणी, लसी वेळेवर, थंडीत अंगभर कपडे, आणि ताप १०१ च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना, रात्री दोन वाजले असले तरी.

प्रश्न : बाई, मी ५८ वर्षाचा कास्तकार हावो. दोन्ही टोंगळे (गुडघे) गेले, धुऱ्यावरून उतरता येत नाई. शहरातून एक दवाखानेवाले गावात शिबिर घेऊन गेले, म्हणे तुमच्याच पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून टोंगळ्यात टोचतो, गादी नवी तयार होते, दोन्हीचे मिळून दीड लाख. पोरगा म्हणते वावरातला एक एकर काढू. करू काय?
— एक शेतकरी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नका करू भाऊ. वावर काढू नका.

तुमचं दुखणं खरं आहे आणि त्यातून सुटायची इच्छाही खरी आहे, पण जे विकतायत ते तसं होत नाही, आणि का होत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा लवकर समजाल कारण तुम्ही जमीन ओळखता. काळ्या जमिनीत पऱ्हाटी कशी होते आणि बरडावर कशी होते? सरकी एकाच थैलीतली असते. स्टेम सेलचंही तसंच आहे, २००६ मध्ये असं दिसलं की त्याच पेशी मऊ थरावर ठेवल्या तर मज्जातंतूसारख्या व्हायला लागतात, मध्यम कडक थरावर मांसासारख्या आणि एकदम कडक थरावर हाडासारख्या. पुढं २०१४ मध्ये कळलं की कडक प्लास्टिकच्या ताटलीत जास्त दिवस वाढवल्या तर मऊ जागेत आणल्यावरही त्या हाडाकडंच ओढतात, पहिली जमीन त्यांच्या लक्षात राहते. आता घासून कडक झालेल्या, सूज असलेल्या टोंगळ्यात नुसती पेशी टोचली, तर तिला कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, हो म्हणून सांगणार कोण? लॅबमध्ये मुद्दाम निरोप देऊन कूर्चा बनवली तरी ती कूर्चेवर थांबत नाही, पुढं हाडाकडं सरकते, हीच तर शास्त्रज्ञांची अडचण आहे. आणि टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मरून जातात.

२०२३ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, जवळपास पावणेपाचशे टोंगळ्याचे पेशंट, कोणाला मगजातून काढलेल्या, कोणाला चरबीतून, कोणाला नाळेच्या पेशी, आणि कोणाला साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षानं पाहिलं तर पेशीवाले साध्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा पुढं नव्हते. उलट नुकसान झाल्याची उदाहरणं आहेत, फ्लोरिडात चरबीतल्या पेशी डोळ्यात टोचून तीन बायकांची नजर गेली, २०१७ मध्ये ते छापून आलं.

आपल्या देशात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमात स्पष्ट आहे की रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल म्हणजे प्रयोग, आणि प्रयोग असेल तर तो सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेला पाहिजे, आणि पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. परत आले तर फक्त नोंदणी नंबर मागा. आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या माणसानं असेच पैसे भरले होते, पावतीवर 'स्टेम सेल' हा शब्दच नव्हता, फक्त 'प्रोसिजर' लिहिलं होतं, आणि सहा महिन्यांनी काठी होती तिथंच होती. मला तेव्हा फोनवर विचारलं असतं तर, असं अजून वाटतं.

तुम्ही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरला दाखवा, मांडीचे व्यायाम शिकून घ्या आणि रोज करा, वजन असेल तर उतरवा, आणि एकदमच गेले असतील तर टोंगळा बदलायचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं का ते तिथल्या योजनेच्या टेबलावर विचारा.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. मिसेसला आठवा आठवडा सुरू आहे. एका एजंटनं सांगितलं की बाळाची नाळ बँकेत ठेवा, पुढं कोणताही आजार झाला तर त्यातून बरा होतो, हप्ते पण आहेत. ठेवू का?
— एक वाचक, देवरी तालुका, जि. गोंदिया

उत्तर : सर, 'कोणताही आजार' हे खरं नाही. नाळेतलं रक्त चांगलं असतं, त्यात रक्ताच्या स्टेम सेल असतात, पण सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार बाळाला असेल तर तीच चूक त्याच्या नाळेतही असते, मग त्याच्या कामाची ती नाही. घरात आधीचं एखादं मूल असं आजारी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरच सांगतील.

पण मला तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट दिसतेय. तुमची आणि मिसेसची सिकलसेलची टेस्ट झाली आहे का, हे तुम्ही कुठंच लिहिलं नाही. तुम्ही गोंदियात राहता. दोघंही एएस असाल तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता असते बाळ एसएस असण्याची, आणि पोटातल्या बाळाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांच्या मधे होते. आठवा सुरू आहे म्हणजे वेळ आहे, पण थोडाच आहे. हप्त्याचं राहू द्या, या सोमवारी दोघंही सरकारी रुग्णालयात जाऊन तपासणीला रक्त द्या, आणि रिपोर्ट आला की मला त्याच पत्त्यावर कळवा.